पॅनेलवरची आमची खुर्ची

रात्री नऊ वाजता कोणतीही हिंदी वृत्तवाहिनी लावा. विषयात 'मुस्लीम' हा शब्द असला, की पडद्यावरच्या सहा-आठ खिडक्यांपैकी एक खिडकी आमच्यासाठी राखीव असते. तिच्यात दाढी, टोपी आणि नावाखाली 'इस्लामिक स्कॉलर' किंवा 'मुस्लीम धर्मगुरू' अशी पट्टी. ही पदवी कोणत्या मदरशाने वा विद्यापीठाने दिली हे विचारायचे नसते. ती वाहिनीनेच संध्याकाळपुरती दिलेली असते. २००७-०८च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक सुरू झाल्या, त्यांनीही हीच मांडणी उचलली. आवाज तेवढा थोडा कमी ठेवला.

या खुर्चीवर आपल्यापैकी कुणी जाऊन बसावे का, आणि बसलेच तर एखादे झणझणीत वाक्य ठोकून द्यावे का, हा प्रश्न आमच्या घरात, मोहल्ल्यात आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये अनेकदा चघळला गेला आहे. 'जायलाच नको' म्हणणारे आहेत. 'गेलेच पाहिजे, नाहीतर आपली बाजू कोण मांडणार?' असे म्हणणारेही आहेत. तिसरा गट सर्वांत मोठा. तो कुठेच जात नाही, पण दुसऱ्या दिवशी मोबाईलवर ती क्लिप पुनःपुन्हा पाहतो.

माझे खालू या तिसऱ्या गटातले. टेक्स्टाइल मिलमधून निवृत्त झालेले, पाच वेळा नमाजी, कुणाला मोठ्या आवाजात बोलणार नाहीत. पण सकाळी दूध घ्यायला निघाले की चेहरा उजळलेला असतो, "देख्या क्या रातकू? मौलाना कैसा सुनाये!" मौलाना काय म्हणाले, कोणत्या प्रश्नाला म्हणाले, हे विचारले तर आठवत नाही. आठवतो तो अँकरचा क्षणभर बंद झालेला आवाज. मी खालूंना हसत नाही. ज्याला बँकेत, तलाठी कार्यालयात, भाड्याचे घर शोधताना रोज मान खाली घालून 'हो साहेब' म्हणावे लागते, त्याला पडद्यावर कुणीतरी आपल्यासारख्या नावाचा माणूस वरच्या पट्टीत बोलताना पाहून बरे वाटणारच. भडक विधानाचे गिऱ्हाईक अशा रीतीने दोन्हीकडे तयार होते. समोरच्याला भीती दाखवायला ते उपयोगी पडते आणि आपल्याला क्षणभर छाती फुगवायला. वाहिनीला दोघेही चालतात.

हा माल तयार कसा होतो, त्याची थोडी कल्पना मला एका फोनमुळे आली. फेब्रुवारी २०२२मध्ये कर्नाटकातल्या उडुपीच्या हिजाब प्रकरणाने देश पेटला होता. एका ओळखीच्या पत्रकारामार्फत एका वृत्तवाहिनीच्या गेस्ट कोऑर्डिनेटरचा मला फोन आला. 'उर्दू शाळेतील शिक्षिका' त्यांना हव्या होत्या. मुलगी नम्र होती, वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान असावी. मी म्हणाले, आमची शाळा अनुदानित आहे, संस्थेची परवानगी घ्यावी लागेल. ती म्हणाली, "ती घ्या ना मॅडम, पण आधी तुमचा स्टँड सांगा. फॉर की अगेन्स्ट?"

मी सांगू लागले. आमच्या मुली बुरखा घालून फाटकापर्यंत येतात, आत आल्यावर काढून घडी करून दप्तरात ठेवतात, पांढरी ओढणी हा आमचा गणवेशच आहे, त्यावर कधी वाद झाला नाही. खरा प्रश्न दहावीनंतरचा आहे. आमच्याकडून पास झालेल्या मुलीला अकरावीला दूरच्या कॉलेजात जायचे असते. वडील आधीच कां-कूं करत असतात. अशा वेळी कॉलेजच्या दारात कुणी कापडावरून अडवले, तर वडिलांना कारण मिळते आणि मुलगी घरी बसते. आणि कापड घातलेच पाहिजे म्हणून कुणी मोहल्ल्यात अडवले, तरी घरीच बसते. दोन्हीकडून नुकसान तिचेच. एवढे बोलून होईपर्यंत पलीकडे शांतता होती. मग ती म्हणाली, "मॅडम, हे छान आहे, पण लांबतंय. पहिल्याच वाक्यात स्टँड क्लियर पाहिजे. 'हिजाब आमचा हक्क आहे, कुणाचा बाप काढू शकत नाही' असं काही... किंवा मग 'हिजाब ही गुलामी आहे'. दोन्ही चालेल."

दोन्ही चालेल! ती काही कपटाने बोलत नव्हती. तिला आठ खिडक्या भरायच्या होत्या आणि हातात दीड तास होता. मी म्हणाले, यातले एकही वाक्य माझे नाही. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम, मग आम्ही दुसरं कुणी बघतो." त्या रात्री मी ती चर्चा मुद्दाम पाहिली. दुसरे कुणीतरी सापडले होते आणि वाक्य पहिलेच निवडले होते. त्या बाईंना सगळे मिळून मिनिटभर मिळाले असेल. त्यातला अर्धा वेळ त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज बंद होता. कारण आवाजाची कळ वक्त्याच्या हातात नसते, ती काचेपलीकडे बसलेल्या माणसाच्या हातात असते.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते. टीव्हीवर जाऊन खळबळजनक बोलणारा माणूस धाडसी आहे की मूर्ख, यावर आपण वाद घालतो. पण ते वाक्य बऱ्याचदा त्याचे नसतेच. खुर्ची आधी मांडलेली असते, वाक्य आधी लिहिलेले असते, त्या मापाचा माणूस तेवढा शोधला जातो.

आपल्या घरातला प्रश्न असा पडद्यावर मांडला जाणे किती महाग पडते, हे आपल्याला पहिल्यांदा २००४ साली कळायला हवे होते. गुडिया प्रकरण आजच्या मुलांना माहीत नाही, पण चाळिशीच्या आसपासच्या वाचकांना आठवत असेल. कारगिलच्या लढाईत १९९९ साली बेपत्ता झालेला जवान पाकिस्तानच्या कैदेतून पाच वर्षांनी परत आला. तोपर्यंत त्याच्या बायकोचे दुसरे लग्न झालेले आणि ती गरोदर होती. मेरठ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, धड शिक्षण न मिळालेली तरुण मुलगी. एका हिंदी वाहिनीने तिला, दोन्ही नवऱ्यांना, नातेवाइकांना आणि मौलवींना दिल्लीच्या स्टुडिओत आणून बसवले आणि देशासमोर पंचायत भरवली. पहिला निकाह कायम आहे, असे आमच्या विद्वानांनी कॅमेऱ्यासमोर सांगितले. ती मान खाली घालून पहिल्या नवऱ्याकडे जाते म्हणाली. पोटातल्या मुलाचे काय, याचीही चर्चा तिच्यासमोरच झाली. जानेवारी २००६मध्ये ती आजारपणात गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. तिच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली बराच वेळ गप्प होत्या. फिकह्‌चे उत्तर बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा. ज्या गोष्टी काझीच्या खोलीत, दोन बायका सोबत घेऊन, हळू आवाजात विचारायच्या, त्यांचे उत्तर द्यायला मौलवी स्टुडिओत गेलेच कसे, हा प्रश्न त्या वेळी आपल्यातल्या फारच थोड्यांनी विचारला.

त्यानंतर तर रांगच लागली. काही प्रसंग निव्वळ हास्यास्पद होते. एप्रिल २०१७मध्ये गायक सोनू निगम यांनी पहाटेच्या अजानच्या भोंग्याबद्दल तक्रार केली. पश्चिम बंगालमधल्या एका मौलवींनी जाहीर केले, की याचे मुंडण करून, गळ्यात जुन्या चपलांचा हार घालून देशभर फिरवील त्याला दहा लाख रुपये. सोनू निगम यांनी पत्रकार बोलावले, मुस्लीम केशकर्तनकाराकडूनच डोके भादरून घेतले आणि म्हणाले, दहा लाख तयार ठेवा. मौलवींनी उत्तर दिले, बाकीच्या अटी पुऱ्या झालेल्या नाहीत! सारा देश हसला आणि आम्हीही ओशाळून हसलो. पण त्यामागचा प्रश्न खरा होता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावता येत नाही, आणि फजरची वेळ बहुतेक दिवस सहाच्या आधीची. यावर मशिदीच्या विश्वस्तांनी शांतपणे बसून निर्णय घ्यायला २०१७ साली कुणाची हरकत होती? तो निर्णय दक्षिण मुंबईतल्या काही मशिदींनी घेतला तो मे २०२२मध्ये, महाराष्ट्रात भोंग्यांवरून अल्टिमेटम आणि हनुमान चालिसाचे राजकारण सुरू झाल्यावर. पाच वर्षे आधी जे शहाणपण ठरले असते, ते माघार म्हणून मोजले गेले.

काही प्रसंगांवर हसताही येत नाही. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. पुढची दोन वर्षे आपल्या समाजाने अतिशय बारकाईने बोलायला हवे होते. तलाक जर झालाच नाही, तर नवऱ्याला तुरुंगात कशाबद्दल पाठवायचे? तो तुरुंगात गेला तर बायकोला पोटगी कोण देणार? कायद्याला विरोध करणाऱ्या वकिलांचे आणि कित्येक महिला कार्यकर्त्यांचे हे मुद्दे वजनदार होते. त्याच काळात, जुलै २०१८मध्ये, तलाक आणि फतव्याच्या विषयावर एका हिंदी वाहिनीच्या स्टुडिओत चर्चा सुरू असताना एक मौलाना आणि एक महिला वकील एकमेकांच्या अंगावर गेले. मारहाण थेट प्रक्षेपणात दिसली, मौलानांना अटक झाली. बाईवर हात उगारणारा मौलाना हे चित्र ज्यांना हवे होते, त्यांना ते फुकटात मिळाले. पुढच्या वर्षी, जुलै २०१९मध्ये, कायदा संसदेत मंजूर झाला. एका थपडेमुळे झाला असे मी म्हणत नाही, तो होणारच होता. पण पोटगीचा मुद्दा आज आमच्या स्टाफरूममध्ये दोघातिघांना सांगता येतो, आणि ती थप्पड सगळ्यांना आठवते.

भाषण सभेतले असले तरी त्यातले एक वाक्य उचलून टीव्ही ते आठवडाभर वाजवू शकतो, हेही आपण पाहिले. २६ जानेवारी २०२०पासून मुंबईत नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका नागरिकत्व कायद्याविरुद्ध ठाण मांडून बसल्या होत्या. लोक त्याला 'मुंबई बाग' म्हणत. त्यात कधी घराचा उंबरा न ओलांडलेल्या आजीबाई होत्या, संविधानाची प्रस्तावना मोठ्याने वाचणाऱ्या मुली होत्या. आमच्या नात्यातली एक बाई तिथे जाऊन आली आणि रात्रभर त्या गर्दीचे वर्णन करत होती. फेब्रुवारीत भायखळ्याचे माजी आमदार वारिस पठाण कर्नाटकात कलबुर्गीच्या सभेत 'पंधरा कोटी' आणि 'शंभर कोटी' यांची तुलना करून बसले. पुढे त्यांनी शब्द मागे घेतले. पण तोपर्यंत व्हायचे ते झाले होते. जवळपास महिनाभर थंडीत बसलेल्या बायकांना आता त्या एका वाक्याबद्दल जाब विचारला जाऊ लागला. ते वाक्य त्यांना विचारून बोलले गेले नव्हते. त्यांच्यापैकी एकीलाही पत्रकाराने कलबुर्गी कुठे आहे असे विचारले असते, तर सांगता आले असते की नाही, शंकाच आहे.

आणि मग २०२२चा उन्हाळा. २६ मे रोजी ज्ञानवापीवरच्या टीव्ही चर्चेत भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी प्रेषितांबद्दल जे उद्गार काढले ते काढले. त्यांचा पक्षाने निलंबनाचा निर्णय घेतला, आखाती देशांनी भारताच्या राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला, हे सगळे झाले. समोरच्या मुस्लीम वक्त्याने शिवलिंगाबद्दल हिणवून बोलल्यामुळे आपण भडकलो, असा खुलासा बाईंनी केला. त्यांच्या उद्गारांचे समर्थन त्याने होत नाही. पण आपण आपल्या बाजूलाही एकदा पाहायला नको का? ज्ञानवापीचा खटला न्यायालयात होता. तो स्टुडिओत जिंकता येणार नव्हता. मग दुसऱ्याच्या श्रद्धेला टोचून त्या रात्री नेमके काय कमवायचे होते?

१० जूनच्या शुक्रवारी देशभर मोर्चे निघाले. आमच्या सोलापुरातही निघाला. रांचीत गोळीबार झाला, दोन तरुण मुले गेली. त्यातल्या एकाचा दहावीचा निकाल त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी लागला. पास झाला होता. दहावीला शिकवणाऱ्या बाईने ही बातमी कशी वाचावी? २१ जूनला आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला एका औषध दुकानदाराचा खून झाला, २८ जूनला उदयपूरला एका शिंप्याचा. दोघांचा गुन्हा काय, तर त्या बाईंच्या बाजूने मोबाईलवर काहीतरी पाठवले होते. रसूलवरच्या प्रेमाचे नाव घेऊन ज्यांनी हे केले, त्यांच्यासाठी माझ्याजवळ एकही मवाळ शब्द नाही. पण क्रम पाहा. बोलणारे दोघेही वातानुकूलित स्टुडिओत होते. मेले ते दुकानदार, शिंपी आणि शाळकरी मुलगा.

त्याच महिन्यात शाळा सुरू झाल्या. नववीतल्या एका मुलीने वर्गात विचारले, "मिस, वो टीव्हीवाले मौलाना अपने कौन लगते?" शेजारच्या सोसायटीतली तिची मैत्रीण तिला 'तुमचे मौलाना' म्हणाली होती. मी तिला सांगितले, कुणी नाही लागत. ती म्हणाली, "फिर उनो अपने नाम से कायकू बोलते?" मराठीचा तास होता. मी फळ्यावर षष्ठी विभक्तीचे प्रत्यय लिहीत होते, चा-ची-चे. 'तुमचे मौलाना' यातला संबंध कोणता, हे मला व्याकरणाने सांगता आले नाही.

त्या १० जूनलाच ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आवाहन काढले, की इस्लामची टिंगल करण्यासाठीच ज्या टीव्ही चर्चा भरवल्या जातात, त्यांत उलेमांनी व विचारवंतांनी भाग घेऊ नये. बोर्डाशी माझे मतभेद बरेच आहेत, विशेषतः बायकांच्या प्रश्नांवर. पण हे आवाहन मला पटले, उशिरा का होईना. खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. ज्यांना बोलावणे यायचे ते जातच राहिले. यावर आमचे एक सहकारी म्हणतात, "बघा, चांगले लोक गेले नाहीत की वाईट जातात, म्हणून चांगल्यांनी गेले पाहिजे." वरकरणी हे तर्कशुद्ध आहे. पण गेस्ट कोऑर्डिनेटरने मला जे सांगितले ते लक्षात घेतले, तर चांगला माणूस तिथे फार तर दोन वेळा बोलावला जाईल. तिसऱ्या वेळी त्याचा फोन लागणार नाही. २०२०मध्ये तबलीगी जमातीच्या नावाने वाहिन्यांनी जो धुरळा उडवला, त्या वेळी कितीतरी मौलाना रोज स्टुडिओत जाऊन ओरडले. त्याने धुरळा वाढलाच. खरे उत्तर आले ते २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून. २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना न्यायालयाने स्पष्ट म्हटले, की या लोकांना बळीचा बकरा केले गेले आणि माध्यमांतून मोठा प्रचार झाला. त्यामागे वकिलांनी भरलेली कागदपत्रे होती, एकही आरडाओरड नव्हती.

म्हणजे चिडवणारे, खटकणारे काही बोलूच नये का? तसे म्हटले तर आपल्या मराठी मुस्लिमांच्या वैचारिक इतिहासातली अर्धी पाने फाडावी लागतील. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लीम बायकांना घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. त्या काळी याहून भडक विधान शोधून सापडले नसते. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला अजून सहा वर्षे होती, २ ऑक्टोबर १९७२ची गोष्ट ती. दलवाईंच्या सगळ्याच मतांशी या अंकाचे वाचक सहमत नसतील, मीही नाही. पण त्या सात बायकांनी आपल्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या दुःखाचा कागद घेऊन चालत जाऊन ते विधान केले होते. संध्याकाळी त्यांना त्याच मोहल्ल्यात परतायचे होते, जिथे दगड बसू शकले असते. दलवाईंनीही १९७०मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ काढले आणि त्या मंडळात तलाक झालेल्या बायका येऊन बसू लागल्या. १९६६चे विधान २०१७मध्ये न्यायालयाने मान्य केले. एक्कावन्न वर्षे लागली, पण दरम्यान त्यामागे माणसे उभी राहिली.

अलीकडचे पाहायचे तर हाजी अली दर्ग्याचे घ्या. मजारपर्यंत बायकांना बंदी घातली गेली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झाकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या. त्या टीव्हीवरही दिसत, आणि आमच्यातल्या काहींना झोंबेल असे बोलतही. पण स्टुडिओतून बाहेर पडल्यावर त्यांच्या हातात याचिका असे. २६ ऑगस्ट २०१६ला निकाल लागला, नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या. या वर्षी मी शाळेतल्या चार शिक्षिकांबरोबर मुंबईला गेले होते, आम्ही आत जाऊन दुआ मागितली. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला हे सगळे कधी कसे झाले याची काहीच कल्पना नव्हती. "पहिल्यापासून असंच आहे ना?" असे तिने मलाच विचारले.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये वाहिन्यांवर वसईच्या एका तरुणीच्या निर्घृण खुनाची चर्चा रात्रंदिवस सुरू होती. एका आरोपीच्या नावावरून साऱ्या समाजाला जाब विचारला जात होता आणि आमच्या राखीव खुर्चीवरचे लोक इमानेइतबारे जाब देत होते. त्याच महिन्यात पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची प्रि-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद झाल्याचे कळले. आम्ही शिक्षकांनी उन्हातान्हात पालकांकडून उत्पन्नाचे दाखले, आधार, पासबुक गोळा करून पोर्टलवर अर्ज भरले होते. ते सगळे वाया गेले. रक्कम मोठी नव्हती. पण विडी वळणाऱ्या आईला त्यातून वह्या आणि बूट होत होते.

आमच्या स्टाफरूममधला सर्वांत तरुण शिक्षक, गणिताचा, फार तापला. म्हणाला, "आपा, आता कुणीतरी टीव्हीवर जाऊन यावर आग लावली पाहिजे." मी म्हणाले, लाव. वाक्य काय बोलशील? तो मधल्या सुट्टीत कागद घेऊन बसला. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे, म्हणून शिष्यवृत्तीची गरज नाही, असे सरकारचे म्हणणे. त्याला उत्तर द्यायचे तर वह्या, बूट, रिक्षाचे भाडे, सहामाहीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलींचे आकडे, असे एकेक सांगावे लागते. तीन वाक्ये खोडून झाली. चौथे सुचेना. शेवटी त्याने कागदाची दुसरी बाजू घेतली आणि वर 'प्रति, मा. जिल्हाधिकारी' असे लिहिले. मराठी त्याची कच्ची म्हणून मसुदा मी तपासला. शनिवारी पालकसभा होती. एकशे बारा सह्या झाल्या, त्यांत एकोणीस अंगठे.